मोरगावच्या वाटेवर, कासार आळीत

देव आहे की नाही याचा विचार करायला मला कधी सवड मिळाली नाही. लासुर्ण्याचं घर, शेतावरची माणसं, दारातली जनावरं आणि त्यात सासूबाईंचं दुखणं. त्यांची आठवण पुसत चालली होती. रिकामं भांडं चुलीवर ठेवून समोर बसून राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज विचारत, "मालक आलं का गं?" मी खरं तेच सांगे आणि दर वेळी त्या नव्याने विधवा होत. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नणंदेनं सुचवलं, संकष्टीला मोरगावला न्या, गणपती काहीतरी करील. मला ते पटलं नव्हतं. पण घरात बसून तरी दुसरं काय होणार होतं? निघालो.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बारामतीच्या स्टँडवर उतरून मोरगावची गाडी धरायची होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांना मी बाकावर बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि चौकशीच्या खिडकीशी गेले. परत आले तर बाकावर नुसती पिशवी.

स्टँडचा कानाकोपरा पाहिला. बाहेरचा चहावाला म्हणाला, "निळ्या लुगड्यातली म्हातारी व्हय? गेली की जुन्या गावाकडं. लई झपाट्यानं, घरी निघाल्यावानी." मी त्याच दिशेने सुटले.

बारामतीला मी बाजारापुरती येत असे, त्यामुळे ठरलेले रस्तेच माहीत. आतलं गाव त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. निळ्या, गुलाबी भिंती, दारांवर पोपटी रंग, दोरीवर वाळत टाकलेल्या पिवळ्याजर्द साड्या. एका बोळात कल्हईचा धूर, पुढच्यात गादीवाल्याचा उडता कापूस. एरवी मी उभी राहून बघितलं असतं. त्या दिवशी त्या रंगांचा मला राग येत होता, कारण त्या सगळ्यात निळं लुगडं तेवढं दिसत नव्हतं. कुठे आड दिसला की वाकून पाहत होते. कऱ्हेच्या काठापर्यंत गेले. पात्रात पाणी नव्हतं, नुसता चिखल आणि घाण होती. पाणी नाही, याचंच मला बरं वाटलं.

नळावरच्या बायकांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "सून सासूला हुडकत फिरती, हे आक्रीतच म्हनायचं!" बाकीच्या हसल्या. मग तीच घागर खाली ठेवून चार घरं विचारून आली. कुणी पाहिलं नव्हतं.

हळूहळू बोळ अरुंद होत गेले. शेवटी एका ठिकाणी समोर भिंतच आली. भिंतीच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला गणपती होता, कालपरवाचं जास्वंद सुकून चिकटलेलं. त्याच्यापुढे दगडावर बसले. नवस बोलले नाही, तशी सवयच नव्हती. एवढंच म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. आता तू बघ." आयुष्यात कुणाला असं म्हटल्याचं आठवत नाही. मग रडू आलं.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "घट्ट हाय गं ही. मोठं माप दाव!"

आत्याबाईंचा आवाज! शेजारच्या फटीएवढ्या बोळातून मी पलीकडे गेले. ती कासारांची आळी होती. एका ओट्यावर आत्याबाई मांडी घालून बसल्या होत्या. डावा हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला, उजवा कासारीणबाईंच्या हातात. मला बघून म्हणाल्या, "कुठं हुतीस? मालक फुडं गेल्यात मोरगावला. मोकळ्या हातानं देवाला जायचं व्हय?" लग्न होऊन आल्यावर मोरगावला जाताना त्यांच्या सासूनं त्यांना याच आळीत चुडा भरला होता, हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलेलं. डोक्यानं सोडलेली वाट पायांनी धरून ठेवली होती.

कासारीणबाईंनी मला जरा बाजूला वाकवून हलक्या आवाजात सांगितलं, "कपाळ बघितलं आन् समजले. पन न्हाय कसं म्हनू? आन् सोडू तरी कशी? एक हात भरून बाई उठत न्हाय, रीतच हाय ती. म्हनून डावा भरला आन् उजव्याला कवाधरनं घालती नि काढती. म्हनलं, कुनीतरी येईलच." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "रांडमुंड बाईला हिरवा चुडा भरला, म्हनून बोलायचं असंल तर बोला. उतरवू का?"

आत्याबाई उजवा हात पुढे धरून वाट बघत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं: नणंद, भावकी, शेजारणी. खरं सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"भरा," मी म्हणाले.

शेवटची बांगडी चढल्यावर आत्याबाईंनी रीतीप्रमाणे कासारीणबाईंना वाकून नमस्कार केला आणि माझ्या पाठीत हात घालून मलाही वाकवलं. "पाया पड. आशीर्वाद घे, ठोंब्यासारखी हुबी काय!"

मोरगावची गाडी गेली होती. आम्ही तिथूनच परत फिरलो. पुढे त्यांची आठवण सुधारली नाही. उतरतीलाच लागली आणि शेवटी मीही त्यांना ओळखू येईनाशी झाले. नणंद बोलायची ते बोललीच. पण आत्याबाई होत्या तोवर तो चुडा मी कुणाला उतरवू दिला नाही. त्या दिवशी मी 'तू बघ' म्हणाले, त्याच्या किती तरी आधीपासून कुणीतरी त्यांचा हात धरून बसलं होतं. एवढंच मला ठाऊक आहे. त्यापुढचं मी विचारत नाही, हात जोडते.