पुढच्या मडगार्डावरची जागा

माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, चिंचवडला दुचाकीचं गॅरेज आहे आणि त्याच गॅरेजच्या मागच्या खोलीत त्याची रेसिंग टीम आहे. टीम म्हणजे तेव्हा मातीच्या ट्रॅकवर पळवायच्या दोन मोटारसायकली, स्वतः दादा आणि एक रायडर. रायडर मुलगी. चाकणजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरातली, सव्वीस वर्षांची. एका कंपनीत असेंब्ली लाइनच्या शेवटी उभी राहून सुटे भाग तपासायची. शिफ्ट सुटली की तशीच गणवेशात गॅरेजवर यायची आणि मोटारसायकलीचा एकेक नट अंगठ्यानं चाचपायची. लाइनवरची सवय. ती गाडीवर बसली की मात्र आम्हाला बघवायचं नाही, इतकी वेगात वळण घ्यायची.

रायडर होती, गाडी होती, प्रायोजक नव्हता. टायर दर दोन शर्यतींत संपायचे. दादा एके दिवशी मला म्हणाला, "तू परचेसला आहेस ना? रोज लोक तुझ्यापुढं माल विकायला बसतात. आता तू जरा विकून बघ."

मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात नऊ वर्षं काढली होती. संत तुकाराम नगरमध्ये वाढलेली, विहारातल्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिलेली, वडील कारखान्यातून निवृत्त. विकण्याचं काम घरात कुणीच कधी केलेलं नव्हतं. पण दादाचं ते वाक्य ऐकलं आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं. त्याच रविवारी मी सादरीकरण तयार केलं. गाडीचं चित्र काढून त्यावर चौकोन आखले. टाकी, पुढचं मडगार्ड, नंबर प्लेटच्या भोवतीची जागा, रायडरच्या जर्सीची छाती, पाठ, बाह्या. प्रत्येक चौकोनात लिहिलं, "आपलं नाव इथे." आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्या कंपन्यांना पाठवून दिलं.

बहुतेकांनी हूं की चूं केलं नाही. एका हेल्मेटवाल्यानं दोन हेल्मेटं देऊ केली आणि बदल्यात अख्खी गाडी मागितली. एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "रायडरचे फॉलोअर किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

मग ऑफिसात एकदा एक सप्लायर माझ्यासमोर बसला होता. अर्धा तास तो त्याच्या कारखान्याच्या अडचणी सांगत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. मनात म्हणत होते, अरे बाबा, माझी अडचण काय आहे ते विचार ना! आणि मला एकदम चटका बसला. मीही तेच करत होते. आम्हाला टायर हवेत, आम्हाला टेम्पोचं भाडं हवं. समोरच्याला काय हवंय, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ब्रेकपॅड बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेले. मालक साठीचे. गावातली जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांनी शेड टाकली होती. केबिन होती, पण ते बसायचे मशीनजवळच, प्लास्टिकच्या खुर्चीत. मी त्यांना काकाच म्हटलं. या वेळी सादरीकरण पिशवीतच ठेवलं.

तेच आधी बोलले. "पोरी, माझं नाव तुमच्या गाडीवर लावलं तर वाचणार कोण? गाडी तर चिखलानं भरलेली आसणार."

मला हसू आलं, कारण खरंच होतं ते. "काका, तुमचा पॅड विकत कोण घेतं?"

"मिस्त्री. गिऱ्हाइकाला कुठं कळतंय ब्रेकपॅडातलं. मिस्त्री टाकंल तो खरा. आन् मिस्त्री आमचा टाकत न्हाई."

"का?"

"त्याला वाटतं, लोकल माल हाय."

तिथंच, त्या मशीनच्या आवाजात, मला सगळं लख्ख दिसलं. मी खुर्ची पुढं ओढली. "मग काका, नाव राहू द्या. तीस मिस्त्री मैदानावर आणा. आम्ही त्यांना मांडव घालून देतो, पहिल्या रांगेत बसवतो. गाडीला तुमचे पॅड घालू. शर्यत झाली की त्यांच्यासमोर चाक उघडू. पॅड त्यांच्या हातात देऊ."

काकांनी खोक्यातला एक पॅड उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "आन् खराब निघाला तर?"

"तर तोही दिसेल," मी बोलून गेले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय. मग येतो."

करार दोन पानांचा झाला. आमच्याकडून पुढचं मडगार्ड त्यांचं. ब्रेकच्या धंद्यातलं दुसरं कुठलंही नाव गाडीवर येणार नाही. मिस्त्रींसाठी मांडव, आणि शर्यतीचे फोटो त्याच संध्याकाळी. त्यांच्याकडून पॅड, टायर आणि पहिल्या शर्यतीचा सगळा खर्च. ती नीट पार पडली तर पूर्ण हंगामाचं बोलायचं. टाकीची जागा मोठी होती, तीच घ्या असं मी सुचवलं, पण काका मडगार्डावर अडून बसले. "खरा बिरेक पुढच्या चाकाला आसतो. नाव तितंच पायजे."

शर्यतीला आठवडा उरला असताना इंजिन ऑइलच्या एका बड्या वितरकाचा फोन आला. त्याला मुख्य प्रायोजक व्हायचं होतं. पूर्ण हंगाम, दोन्ही गाड्या. अट एकच. गाडी सबंध पिवळी आणि मडगार्डासकट सगळी त्यांच्या नावाची.

दादा उडालाच. "अगं, पूर्ण हंगाम म्हणतोय तो! काकांना पाठीमागची एखादी जागा दे."

"सही झालीये, दादा."

"एका मडगार्डासाठी?"

मी वितरकाला परत फोन केला. टाकीच्या दोन्ही बाजू देते म्हटलं, जर्सीची छाती आणि पाठ देते, रायडरला तुमच्या दुकानांत फोटोला आणते. तो माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, मडगार्ड नाही तर काहीच नाही," आणि त्यानं फोन ठेवला. दादा पाय आपटत गॅरेजबाहेर गेला. रायडर मात्र साखळीला तेल घालता घालता म्हणाली, "बरं केलं ताई. पिवळी गाडी मला नकोच व्हती."

शर्यतीचा रविवार उजाडला. निगडीच्या पुढं एका मोकळ्या माळावर ट्रॅक आखला होता. धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर फिरला होता, आणि जरा जास्तच फिरला होता. निम्मा ट्रॅक रबरबीत झाला होता. दोन गाड्या भरून मिस्त्री आले, भोसरीचे, देहू रोडचे, चाकणचे. काका पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. वडापाव वाटले, भोंगा वाजला आणि गाड्यांनी आवाज चढवले.

पात्रता फेरीत तिची सुरुवात सुरेख झाली. पहिल्या वळणावर दुसरी! मी मांडवातच उड्या मारायला लागले. पण तिसऱ्या चकरेपासून ती वळणाच्या फार आधी वेग कमी करायला लागली. एकापाठोपाठ चारजण पुढं गेले. ती सहावी आली. अंतिम फेरीला सहाच जण घेणार होते, म्हणजे काठावर वाचलो. हेल्मेट काढून ती म्हणाली, "ताई, बिरेक धरतच न्हाई."

मिस्त्री आधीच गाडीभोवती गोळा झाले होते. मी दादाच्या कानात म्हटलं, "चाक नंतर उघडू या का?" दादानं उत्तर द्यायच्या आत काकाच पुढं झाले. "उघडा. ठरलंय तसं करा."

पॅड बाहेर आला. सकाळी कोरा घातलेला, आणि आता निम्म्याहून जास्त झिजलेला. चिखलातल्या वाळूनं खाल्ला होता. गर्दीतला एक दाढीवाला मिस्त्री मोठ्यानं हसला. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. हा करार माझ्या डोक्यातून निघालेला होता. तीस माणसांसमोर काकांना मी उभं केलं होतं.

काकांनी तो पॅड हातात घेतला, रुमालानं पुसला आणि वर धरला. "बघा. हा रोडवरचा पॅड हाय. शहरात तुमी टाकाल तर चांगला चालंल, ते मी छातीठोक सांगतो. पन चिखलात घालायला नको व्हता. आमचा अंदाज चुकला. हिची चूक न्हाई, गाडीची न्हाई. माझी हाय."

दाढीवाल्यानं तो पॅड मागून घेतला आणि नीट बघितला. काका त्यांच्या कारकडे गेले आणि मिठाईचा एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. आत चार पॅड होते, काळपट, जड. "धातूचे हायेत. आजून बाजारात न्हाई दिले. कारखान्यात तपासलेत, ट्रॅकवर न्हाई. घालायचे का न्हाई ते ही ठरवंल."

तिनं एक पॅड घेतला आणि सवयीनं त्याच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला. "घासून बसायला किती वेळ लागंल, काका?"

"वीस येळा दाबून बिरेक मारावा लागंल."

"द्या मग."

अंतिम फेरीला चाळीस मिनिटं होती. दादानं पाना उचलला तर समोर तोच दाढीवाला मिस्त्री बसलेला. "द्या भाऊ, मी ब्रेकचा कॅलिपर धरतो." दहा मिनिटांत चाक जागेवर. मग पार्किंगच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ती गाडी पळवायची आणि आम्ही आखलेल्या फक्कीच्या रेघेशी थांबवायची. पहिल्या वेळी रेघेच्या पुढं गेली. दुसऱ्या वेळीही. तीस मिस्त्री दोन्ही कडेला उभे राहून मोजत होते. पाच! सहा! बाराव्या वेळी चाक बरोब्बर रेघेवर थांबलं आणि माळावर जो ओरडा झाला, तो ऐकून आयोजकांचा माणूस काय झालं म्हणून पळत आला.

अंतिम फेरी आठ चकरांची. तिला सर्वांत बाहेरची जागा मिळाली होती. पहिल्या चकरेला ती सहावीच होती. डावीकडचं जे वळण होतं, तिथं सगळे खांबाच्या अलीकडंच वेग तोडत होते. तिसऱ्या चकरेला ती खांब ओलांडून गेली, मग एकदम दाबला ब्रेक, पुढचं चाक मातीत घुसलं आणि ती आतल्या बाजूनं निघाली. पाचवी! पुढच्याच चकरेला त्याच जागी तसंच. चौथी! मिस्त्री खुर्च्यांवर चढले होते. "आत्ता दाबला! बघ, आत्ता दाबला!" असं एकमेकांना दाखवत होते. सहाव्या चकरेला तिसरी. काका एकटेच खाली बसून होते, दोन्ही हातांनी मांडवाची दोरी घट्ट धरून. शेवटच्या चकरेला ती आणि पुढचा एकजण जोडीनं त्या वळणावर आले. त्यानं ब्रेक मारला. तिनं नाही मारला. नाही मारला. मी डोळे मिटले, आणि दादानं माझा दंड इतका दाबला की मला ते उघडावेच लागले. ती दुसरी बाहेर पडत होती.

दुसरा नंबर! माझा आवाज पार बसला. पण मिस्त्रींना चषकाचं काही नव्हतं, ते चाकाकडे धावले. पॅड काढला तर जेमतेम झिजलेला. तो हातोहात फिरला. कुणी नखानं खरवडला, कुणी फोटो काढला. दाढीवाल्यानं विचारलं, "काका, हा कधी मिळणार?"

"आजून तपासायचाय. आर्धवट न्हाई देनार," काका म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला तिघांना कारखान्यात बोलावलं. नवा करार पूर्ण हंगामाचा होता. दोन्ही गाड्यांचे टायर, प्रवास, प्रवेश फी. त्यांची एक अट होती. प्रत्येक शर्यतीनंतर वापरलेला पॅड पिशवीत घालून परत द्यायचा, आणि सोबत चिठ्ठी, किती चकरा झाल्या, माती कोरडी होती की ओली. नावापेक्षा त्यांना त्या पिशव्या जास्त हव्या होत्या. दादा सही करायला पेन शोधू लागला, तेवढ्यात रायडर म्हणाली, "माझीबी एक अट हाय."

"बोल की," काका म्हणाले.

"शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाला जावं लागतं. माझी रजा बिनपगारी जाते. त्या दिवसाचा पगार धरा. आन् पडले, लागलं, तर इलाजाचंबी कागदावर घाला."

नऊ वर्षं मी करार वाचत होते, तरी हे मला सुचलं नव्हतं. मी शरमेनं खाली बघितलं. काका म्हणाले, "बराबर हाय. लिव्ह गं पोरी." मी दोन कलमं हातानं लिहिली. तिनं ती दोनदा वाचली, "शक्यतो" हा शब्द मला खोडायला लावला, आणि मग सही केली. बाहेर तिच्या कंपनीची बस रस्त्यावर येऊन थांबली होती. दुपारची शिफ्ट गाठायची म्हणून ती चहा न घेताच पळाली.