मेडिकलमागच्या खोलीतले चार महिने

वच्छला,

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी जऊळक्याच्या स्टेशनावर तू माझ्या उजूला कडेवर घेऊन उभी होतीस. चौऱ्याहत्तरचा जून होता. गाडी यायला उशीर होता आणि तुझी आई सामान पुन्हा पुन्हा मोजत होती. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी. पेरणी तोंडावर आली म्हणून मामाजी, तुझे बाबा, मागं राहणार होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीजवळ आले आणि तुझ्या दादाला म्हणाले, "शिक्षन पुरं कर. मधात कोनी काही बोललं तं मनात धरू नको."

तुझा दादा तेव्हा किन्हीराजाकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता. त्याला नागपूरच्या मेडिकल कॉलेजात बाळंतपणाच्या डिप्लोमाला जागा मिळाली. गावात पेढे वाटले, तूच वाटलेस. त्यानंतर नागपुरात आमचं काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आईनंही सांगितलं नाही, आणि आता ती सांगायला नाही. दादा गेल्यापासून तू दर फोनला म्हणतेस, "वहिनी, आता तिथं एकटी कायले राह्यता, घरी या." त्याचं उत्तर देण्याआधी हे लिहून पाठवते आहे.

नागपुरात सुरुवातीला आम्ही शामरावमामांकडे उतरलो. मामा गिरणीत होते. त्यांची एकच खोली, वर टिन, माणसं सात, त्यात आम्ही चार. घराच्या मागून नाला वाहायचा. त्याच्या काठावर डुकरं लोळायची, आणि वारा फिरला की वास ताटावर येऊन बसायचा. मामी भाकर वाढायची आणि मी पदर नाकाला लावून खायची. दुसऱ्याच आठवड्यात उजूला हगवण लागली. मी दादाला सांगितलं, "दुसरी जागा बघायची. मी इथं पोरगी मारणार नाही."

दादाला सवड नव्हती. डॉक्टरांच्या वसतिगृहात त्याला एकट्याला खाट होती, कुटुंबाला घर आपलं आपण शोधायचं होतं. तेव्हा घर शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी उजूचं बोट धरून मेडिकलच्या आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की कडी वाजवायची. दार उघडायचं. डॉक्टर म्हटलं की चेहरा खुलायचा, "या, बसा." मग पाणी यायच्या आधी प्रश्न यायचा. आडनाव काय? गाव कोणतं? त्या गावातले कोणते? एका बाईनं तर विचारलं, "पाण्याची विहीर कुणाच्या वाड्यात आहे तुमची?" मी खरं सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. अशा कालच दिलेल्या खोल्या मी नऊ पाहिल्या. परत जाताना पाटी तशीच लटकलेली दिसायची. मला राग यायला हवा होता. राग यायचा नाही, मी पुढची पाटी शोधायची.

दहावं घर मेडिकलच्या मागच्या बाजूला होतं. तिथून वॉर्ड पाच मिनिटांवर. वर एक मोठी खोली, स्वयंपाकाला आडोसा, लाल फरशी, आणि घरात नळ. मालक रिटायर झालेले हेडक्लार्क. त्या दिवशी दादा माझ्यासोबत होता. मालकांनी विचारलं, "वानखडे म्हणजे कोणते वानखडे?"

"वाशीमकडचे," दादा म्हणाला.

"शेतीवाडी आहे?"

"आहे."

"मग आपल्यातलेच," मालक म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अहो, चहा टाका."

आडनाव तेच, आमच्यातही असतं आणि त्यांच्यातही. दादानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि खरंही सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. वच्छला, मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर तो उठला असता. मी त्या नळाकडे पाहत होते. चहा आला आणि मी तो पिऊन टाकला.

तुझ्या आईला आम्ही रस्त्यात सांगितलं. ती चालायची थांबली. छप्पन साली ती याच शहरात आली होती, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, दादाला सोबत घेऊन. दीक्षा घेऊन परत गेली तेव्हा तिनं घरातले देव नदीत सोडले होते. ती गोष्ट तिनं आपल्याला किती वेळा सांगितली आहे. ती म्हणाली, "ज्या शहरात मी माणूस झाली, त्याच शहरात मले लपवता काय रे?"

दादा म्हणाला, "आई, दोन वर्षांचा सवाल आहे. रात्री-बेरात्री वॉर्डातून बोलावणं येते. जवळ असलो तं बाई वाचते. बाबानं सांगितलं ना, मनात धरू नको म्हणून."

मामाजींनी लपून राहायला सांगितलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दीक्षेनंतर घरात आलेल्या दोन्ही तसबिरी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई वर आल्या, कोनाड्याकडे पाहून म्हणाल्या, "देवघर अजून लावलं नाही वाटतं?" संध्याकाळी मी बाजारातून गणपतीची तसबीर आणली. तुझी आई त्या दिवसापासून कोनाड्याकडे पाठ करून जेवायला बसू लागली.

मालकीणबाई वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. उजूला ताप आला तेव्हा त्या रात्रभर खाली जाग्या होत्या. मला हळदीकुंकवाला बोलवायच्या. माझ्या हातचा चहा त्यांना आवडायचा, दुपारी हटकून वर यायच्या. आणि तो चहा पीत, बशीत फुंकर घालत, त्या आमच्याबद्दल बोलायच्या. "आता तर त्या लोकांचेही डॉक्टर होऊ लागलेत. सरकारचे जावई ना. मी आमच्या यांना सांगून ठेवलंय, मेले तरी चालेल, पण त्यांचा हात मला लावू द्यायचा नाही." मी मान हलवायची. खरंच हलवायची. मालकांच्या पाठीवर तेव्हा मोठं करट झालं होतं. दादानं ते चिरून पू काढला होता. एक दिवसाआड संध्याकाळी तो खाली जाऊन पट्टी बदलायचा. मालक सगळ्यांना सांगायचे, "आमच्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे."

त्या घरात टोपलीचा संडास होता. तो साफ करायला मैनाबाई यायची, मागच्या बोळातून. काम झालं की ती अंगणाच्या कडेला उकिडवी बसायची आणि म्हणायची, "बाई, पानी." तिच्यासाठी पेला नव्हता. ओंजळीत वरून पाणी सोडायचं, लोटा तिच्या हाताला लागू द्यायचा नाही. एका सकाळी मालकीणबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांनी आतून हाक मारली, "वानखडेबाई, तिला जरा पाणी घाला हो."

मी घातलं. लोटा वर धरला, इतका वर की माझा हात दुखला. तिनं ओंजळ पुढे केली. पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं, तिच्या पायांवर पडत होतं. लहानपणी माहेरी, रिठदच्या शाळेत मास्तर मला असंच पाणी द्यायचा. माझी ओंजळ अशीच गळायची. हे सगळं मला त्या वेळी आठवलं, आणि तरी मी लोटा खाली आणला नाही. वर गेले आणि साबणानं हात धुतले. काय धुतलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं मग ते रोजचंच झालं. मालकीणबाई त्या वेळी पूजेला बसलेल्या असायच्या, म्हणून पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. उजू माझ्या पदराला धरून उभी असायची.

चौथ्या महिन्यातली एक दुपार. तुझी आई अंगणात सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. मी जिन्यावरून कपडे घेऊन उतरत होते. उजू तिच्या पुढ्यात खेळायची लोटी घेऊन उभी होती.

"आजी, तू मैनाबाई. पाणी माग."

तुझ्या आईनं सूप बाजूला ठेवलं. "दे बापा पानी."

"असं नाही. दूर बस. हात जोडून धर. माझ्या लोटीला लावू नको, बाटेल."

तुझी आई सरकून दूर बसली. तिनं ओंजळ धरली. उजूनं चवड्यावर उभं राहून लोटी वर नेली आणि पाणी सोडलं. तुझी आई प्यायली. सगळं प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग तिनं मान वर केली आणि तिला मी दिसले.

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिचं बोचकं बांधलेलं होतं. म्हणाली, "मी जऊळक्याले जातो. तुमी राहा इथं. पन पोट्टीले मी सोबत नेतो."

"काहून? काय झालं?" दादानं विचारलं.

"तुया पोरीनं आज मले वरून पानी पाजलं."

दादा खाली बसला. म्हणाला, "परीक्षा होऊ द्या, मग सोडू." तेवढ्यात वॉर्डातून माणूस बोलवायला आला आणि तो गेला. मी रात्रभर विचार केला असं मी सांगणार नाही. मला विचार करावा लागलाच नाही. मला माझ्या हातांची किळस येत होती, बस.

सकाळी मी खाली गेले. मालकीणबाई भाजी चिरत होत्या. मी म्हटलं, "काकू, आम्ही बौद्ध आहोत."

त्या हसल्या. "थट्टा करता का सकाळी सकाळी?"

"नाही."

त्यांची विळी थांबली. माझ्याकडे नाही, माझ्या पायाखालच्या फरशीकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तुमच्या हातचा चहा प्यायले हो." उठल्या, न्हाणीत गेल्या, आणि चुळा भरण्याचा आवाज आला. एकामागून एक, चार महिन्यांचा चहा बाहेर काढल्यासारखा. मी तिथंच उभी राहून ऐकत होते. मला त्यांची घाण वाटली. पण त्यांच्या नजरेनं मैनाबाईकडे मीही चार महिने पाहिलं होतं, त्यामुळे ती घाण मला त्यांच्यावर टाकून मोकळं होता येईना.

संध्याकाळी मालक वर आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "रविवारपर्यंत खोली खाली करा. फसवणूक केली तुम्ही."

दादा म्हणाला, "करतो. आज तुमची पट्टी बदलायचा दिवस आहे."

"राहू द्या," मालक म्हणाले आणि वळले. सदऱ्यावर पाठीमागं पुवाचा पिवळा डाग उमटलेला होता. ते तसेच जिना उतरून गेले. दादा हातात कापूस घेऊन उभा होता.

रविवारी रिक्षात सामान चढत असताना मैनाबाई बोळातून आली. मी घरातला पितळी पेला भरला आणि तिच्या हातात द्यायला गेले. तिनं हात मागं घेतले. मालकीणबाई खिडकीत होत्या. मैनाबाई हळू आवाजात म्हणाली, "बाई, आप तो जा रहे. मेरे को कल यहींच आना है." आणि तिनं ओंजळ पुढं केली. मी पेला हातात धरून नुसतीच उभी राहिले. शेवटी तुझ्या आईनं माझ्या हातातून पेला घेतला, खाली मैनाबाईजवळ जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "आमी गेल्यावर पे, माय." पुढे ती प्यायली की नाही, मला माहीत नाही.

आम्ही, तुझ्या आईसकट, शामरावमामांच्याच वस्तीत गेलो. त्यांच्या घराच्या पुढची ओळ, तेच टिन, तोच नाला. तिथली माणसं फार प्रेमळ होती वगैरे मी लिहिणार नाही. दारू पिऊन बायकांना मारणारे होते. आम्हाला मोठ्या घरातून हाकलून दिलं हे मामीनं वस्तीभर सांगितलं. मला त्या वासाची सवय कधी झाली नाही, पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत एकही जेवण मला गोड लागलं नाही. दादा आठवड्यातले पाच दिवस मेडिकलमध्येच झोपायचा. एकदा नापास झाला, सहा महिने वाढले. तो मला कधी काही बोलला नाही. पण निकालाच्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट माझ्याकडे न बघता सरकवलं, ते मी विसरले नाही.

पण पहिल्या संध्याकाळी तिथल्या बायका दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "बुढे, कोन्या गावची तू?" तेव्हा तुझी आई ओट्यावर बसली आणि सांगायला लागली. गाव, माहेर, सासरा, दीर, छप्पन सालची गाडी, सगळी नावं, मोठ्यानं. मी आत तसबिरींवरचं लुगडं सोडत होते. चार महिन्यांत तिचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता.

दादा पास झाला, नोकरी लागली, इथं नागपुरातच घर झालं. लोकांनी विचारलं की नागपुरात आधी कुठं राहायचे, तर मी वस्तीचं नाव सांगते. पहिल्या दिवसापासून तिथंच होतो असं सांगते. उजूलाही तेच सांगितलंय. तिला काही आठवत नाही. तुझ्या आईनं मला कधी खोटं पाडलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला चमच्यानं पाणी पाजायची, तेव्हा एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, ते नागपूरचं..." ती म्हणाली, "राहू दे व. तू मंग सांगितलं ना त्या बाईले."

तिनं एवढ्यावर सोडलं. मी सोडू शकलेले नाही. जऊळक्याला आले की तू मला पाटावर बसवतेस, गल्लीतल्या पोरींना सांगतेस की वहिनीनं नागपुरात कसे दिवस काढले. मी खाली मान घालून जेवते. त्या घरात मी पाहुणी आहे ती अंतरामुळे नाही, या चार महिन्यांमुळे आहे. ते घर माझं व्हायचं असेल तर ते तुला ठाऊक झाल्यावरच होईल.

तू मोठ्या मनानं बोलावतेस. हे पत्र दोनदा वाच. घाईनं फोन करू नकोस. वाचून झाल्यावरही या म्हणालीस, तर मी येईन.

तुझी,
वहिनी