जाकीट लागलं म्हणणारे तात्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोइमतूरला एका क्लबात स्नूकरच्या टेबलावर नवं कापड ताणत होतो. कापड अर्धवट सोडता येत नाही, सुरकुती राहते. काम पुरं केलं आणि मिळेल ती गाडी धरली... लासुर्ण्याला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

तात्या माझ्या नात्यातले नव्हेत. नववीत शाळा सुटल्यापासून कुठल्याही ऑफिसची पायरी चढायची म्हटलं की मी दारातूनच मागं फिरतो. शिक्षण किती, असं कुणी विचारेल याची धास्ती. तात्यांनी ते कधी विचारलं नाही. ऊस सांभाळून त्यांनी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडात एक जुनं टेबल मांडलं होतं. तिथंच त्यांनी मला खेळायला शिकवलं, टेबल दुरुस्त करायला शिकवलं. आज घरापासून इतक्या लांब पोट भरतोय ते त्याच्याच जोरावर.

देशपातळीवरच्या संघटनेचं खेळाडू म्हणून सभासदत्व तात्या दर वर्षी घ्यायचे. ते वर्षापुरतंच असतं; पुन्हा घेतलं नाही तर स्पर्धेत उतरता येत नाही. चहाच्या टपरीवर लोक डिवचायचे, की त्यापरीस कारखान्याचं सभासद व्हा, साखर तरी मिळंल. तात्या नुसते हसायचे. त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत एकदा, फक्त एकदा खेळायचं होतं.

ती संधी पुण्याच्या निवड स्पर्धेत अगदी हाताशी आली. तिथं जाकीट घालावं लागतं, म्हणून त्यांनी वडगाव निंबाळकरच्या टेलरकडून शिवून घेतलं. त्यानं ते लग्नातल्यासारखं, पंगतीच्या जेवणाला जागा ठेवून ऐसपैस शिवलं. शेवटच्या डावात तात्या पुढं होते. लांबचा चेंडू मारायला टेबलावर ओणवे झाले, चेंडू टेबलाच्या खिशात गेला, टाळ्या पडल्या. पंच गुण सांगणार तेवढ्यात तात्या सरळ उभे राहिले.

"सायेब, फाऊल झाला. माजं जाकीट चेंडूला लागलं."

पंचांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिथून डाव फिरला आणि तात्या हरले.

परतीच्या एसटीत मी गाल फुगवून बसलो होतो. इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर तात्याच बोलले, "आपुन खेळाडू म्हणून नाव लावलंय गड्या, वकील म्हणून न्हाय."

गावात पुढं कितीतरी दिवस चेष्टा चालली, की तात्या, जाकिटाचं बी सभासदत्व काढा. तात्यांनी जाकीट आवळून घेतलं आणि नवं वर्ष लागताच पुन्हा सभासद झाले. पुढंही दर वर्षी. राष्ट्रीय स्पर्धा काही त्यांच्या वाट्याला आली नाही... पण इकडं परमुलखात कुणी विचारलं, काम कुठं शिकलास, तर मी छाती काढून त्यांचं नाव सांगतो.

दहाव्यानंतर शेडात गेलो. टेबलावर चादर होती आणि पोरं भिंतीला टेकून उभी होती. कुणी हात लावेना. तेवढ्यात काकी, म्हणजे तात्यांची बायको, आत आल्या. मला म्हणाल्या, "ह्यांचं ते औंदाचं सभासदत्व चालू हाय न्हवं?"

म्हटलं, आहे काकी, वर्ष संपेपर्यंत.

"मग खेळाडू म्हणूनच गेलं की."

त्यांनी चादर ओढून घडी घातली आणि पोरांकडं बघत म्हणाल्या, "झाकून ठिवलं तर कापड ओल धरंल. खेळा."