शेवटची ओळ

आमच्या घराण्यात लहानपणीच ओठांवर बारीक काळे तीळ येतात. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा भारी अभिमान. जत्रेत पोर हरवलं तरी लोक बरोबर आमच्या ओट्यावर आणून सोडतील, म्हणायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी दादाच्या हृदयातली गाठ काढली, तेव्हा त्यांनी मात्र आधी माझे ओठ पाहिले, मग बोलले.

पारोळ्याजवळच्या आमच्या गावातली मी पहिली बी.ए. झालेली पोरगी. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. दादा घरी आला तेव्हा त्याला भेटायला धुळ्याचे पाहुणे आले. माझ्या धाकट्या बहिणीची सुपारी त्यांच्याकडे फुटली होती. आबांनी सगळ्यांसमोर दवाखान्याचा इंग्रजी कागद माझ्या हाती दिला.

"वाच बेटा, काय लिखेल शे?"

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही.

"मंग बठ्ठं बरं शे!" सगळं ठीक, असं आबांनी पाहुण्यांनाही ऐकवलं.

शेवटची ओळ राहिली होती. ओठांवर असे तीळ असले की ही गाठ घराण्यात चालते, सख्ख्या भावंडांच्या हृदयाची तपासणी करावी. समोर धाकटी चहाच्या कपबशा घेऊन उभी होती. मी कागदाची घडी घातली.

पाहुणे गेल्यावर आबांना सांगितलं. "लगीन हुई जाऊ दे, मंग दखू." लग्न झालं. मग कोणीच पाहिलं नाही. मीही नाही. माझी तपासणी मात्र मी पुढे करून घेतली. काही निघालं नाही.

धाकटीला वाकलं की चक्कर यायची. सासू म्हणायची, "झाडू दिसला की हिचं डोकं फिरतं." तिची मुलगी दोन वर्षांची असताना धाकटी अंगण झाडता झाडता पडली. तिच्याही हृदयात गाठ होती, तिचा तुकडा मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी गेली.

ती मुलगी सात वर्षांची झाली. तिच्या ओठांवर तीळ आले. मी धुळ्याला जाऊन तिच्या आजोबांना, धाकटीच्या सासऱ्यांना, सगळं सांगितलं, ती ओळसुद्धा, आणि पोरीचं हृदय तपासून घ्या म्हटलं.

"ताई, मी तिथंच बसलो होतो की. साधी गाठ, असं तुम्हीच वाचलं होतं. आता पोरीच्या नावाला डाग कशाला लावता?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला.

"वाचून तुम्हीच सांगणार ना?"