मामेसासऱ्यांचे निळे ताईत

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ पुष्कळ असतील, पण खरा भित्रा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. सिंदेवाहीकडच्या गावात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. मुलं प्राचीन इजिप्तचा धडा परीक्षेपुरता वाचून विसरली; मामांनी तो अंगावर घातला. मातीचे ताईत घडवायचे, चुलीत भाजायचे आणि दाराला लावून उरलेल्या निळ्या रंगात बुडवायचे. विजेसाठी खांब, विंचवासाठी गाठ, आणि छातीवर शेणकिडा, कारण तिकडे म्हणे त्याला उगवत्या सूर्याचं रूप मानत. "शेनकिडा गळ्यात बांधतेत का कोनी?" असं मामी कुरकुरायच्या. एकदा भात वाढता वाढता त्यांनी मुळावरच घाव घातला, "एवढे ताईत घालून ते राजे मेलेच ना?" मामांनी भात कालवला. मग म्हणाले, "मेले. पन वाघानं नाई."

वाघासाठी डोळा होता, आणि तो मामा मानेमागे बांधत. वाघ मागून येतो, वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, ही आमच्याकडची धास्ती. माझ्या लग्नात मामा कुणाच्याच पाया पडले नाहीत. लोकांना तो गर्व वाटला.

यंदा मोहाच्या दिवसांत मी तिथेच होतो. शेजारच्या गावची बाई मोहफुलं वेचताना वाघानं नेली. तरी दुसऱ्या सकाळी मामींनी टोपली उचलली. "मोह का चालत घरी येते?" मामांनी आपले सगळे ताईत उतरवून त्यांच्या गळ्यात घातले. डोळ्याच्या दोऱ्याची गाठ काही मामांना मारता येईना. शेवटी मीच मारली. मग ते तसेच, मोकळ्या मानेनं, मामींच्या मागे निघाले.

"मामा, तुम्ही थांबा, मी जातो."

"घरी बसलो तं मले जास्त भेव लागते, जावईबापू. तुमी बी चला. पन तिच्या मांगं मीच उभा राहीन."

मोहाखाली मामी वाकल्या आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभे राहिले. पान पडलं तरी दचकत होते, पण जागचे हलले नाहीत. त्यांना धीर यावा म्हणून मामी वेचता वेचता मोठमोठ्यानं त्यांच्याशी भांडत होत्या. मलाही भीती वाटत होती, आणि त्या दोघांवर फार माया दाटून आली होती.

टोपली भरली. "चला आता," मामी म्हणाल्या. मामांचे पाय उचलेनात. तेव्हा मामींनी टोपली माझ्याकडे दिली आणि मामांचा हात धरून त्यांना हळूहळू घराकडे नेलं. उद्या पहाटे मोह पुन्हा पडणार होता, आणि गाठ मारणारा मी तर आजच संध्याकाळच्या गाडीनं परतणार होतो.