नर्सबाईंच्या घराचा वर्ग

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर नर्सबाई आणि त्यांचा बिनलग्नाचा धाकटा भाऊ, एवढी दोनच माणसं त्या चिंचोळ्या दुमजली घरात उरली. मग शेजारच्या आजी आल्या. मुलगा परदेशी निघाला होता, "आठवडाभर सांभाळाल का?" म्हणाला, आणि तो आठवडा काही संपला नाही. पाठोपाठ लकव्याने आडवे झालेले मास्तर आले. वरच्या मजल्यावर एकेक करत खाटा वाढल्या. कोणी विचारलं तर नर्सबाई म्हणायच्या, "पाहुणे आहेत. जरा मुक्काम लांबलाय, एवढंच."

जागा पुरेना, तेव्हा गच्चीवर खोली काढायचं ठरलं. भाऊ म्हणाला, "ताई, गुपचूप बांधून टाकू. कोण बघतंय?" पण इंजेक्शन देण्याआधी दोनदा नाव विचारणारी ही बाई. तिने नकाशा काढून घेतला, रीतसर परवानगी मागितली आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

पाहणीला आलेला पालिकेचा निरीक्षक गच्चीपर्यंत पोचलाच नाही. वाटेत खाटांपाशी थांबला.

"हे सगळे घरचे?"

"घरचेच समजा."

"मी समजून काय उपयोग? नियमाला समजायला हवं." तो जिन्याच्या पायरीवर टेकला. "बाई, तुमच्या घराची नोंद राहती इमारत अशी आहे. नियम नुसत्या भिंती बघत नाही, आत कोण झोपतं तेही बघतो. आग लागली तर घरातला माणूस उठून पळेल, असं धरून हा एवढासा जिना चालवून घेतलाय. ही माणसं पळणार आहेत का? ज्यांना उचलून न्यावं लागतं अशी माणसं ठेवली, की इमारतीचा वर्ग बदलतो. ती हॉस्पिटलच्या पंगतीला बसते. मग दुसरा जिना हवा, खाट निघेल एवढे दरवाजे हवेत. ते झाल्यावरच वापर बदलायची परवानगी. तोवर खोलीचं नावच काढू नका."

"इतक्या वर्षांत इथे काडी पेटली नाही हो."

"न पेटो. पण तसं मला लिहून देता येत नाही."

तो गेल्यावर भावाने त्याचा यथेच्छ उद्धार केला. नर्सबाई नकाशावाल्याकडे गेल्या. घराच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, मागे हातभर बोळ. नकाशावाला म्हणाला, "दुसरा जिना काय हवेत लटकवू?"

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी भावाला हाक मारली. "मास्तरांना चादरीत घेऊन खाली न्यायचंय."

"आत्ता? कशाला?"

"आग लागलीय असं समज."

मास्तरांना आधी गंमत वाटली. "राजाच झालो की!" ते अडखळत म्हणाले. पण जिन्याच्या वळणावर चादर अडली, त्यांचा निर्जीव पाय कठड्यात गुंतला. भावाची पकड सुटली. नर्सबाईंनी भिंतीला पाठ लावून कसंबसं त्यांना तोलून धरलं. धड खाली जाता येईना, धड वर. तिघंही पायऱ्यांवर बसून राहिले. मास्तरांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

भाऊ धापा टाकत म्हणाला, "सवयीने जमेल, ताई."

तेवढ्यात वरून आजींची हाक आली. "काय झालं गं? मला कोण नेणार?"

नर्सबाईंनी गुडघ्यात तोंड खुपसलं.

त्यांनी स्वतःच निरीक्षकाला जाऊन सांगितलं, बंद करते, थोडी मुदत द्या. त्याने दिली. खाटा एकेक करून रिकाम्या झाल्या. कोणाचे नातेवाईक तोंड वाकडं करून घेऊन गेले, कोणाचे आलेच नाहीत. मास्तरांना गावाबाहेरच्या एका संस्थेत ठेवलं. तिथे रुंद दरवाजे होते, दोन जिने होते, सगळं नियमाप्रमाणे. मास्तरांनी तिथे अन्न टाकलं आणि थंडी संपायच्या आत ते गेले. आजींच्या मुलाने फोनवर ऐकवलं, "कोण लगेच कारवाई करत होतं? दुर्लक्ष करायचं होतं तुम्ही."

आजीही त्याच संस्थेत आहेत. नर्सबाई दर रविवारी जातात. "घालवलंस ना मला," एवढं म्हणून आजी भिंतीकडे तोंड फिरवतात. नर्सबाई मागे बसून त्यांचे केस विंचरतात, वेणी घालतात आणि शेवटची बस चुकायच्या आत निघतात.