रिकाम्या हाताचा कायदा

आपल्या देशात कायद्याचं राज्य आहे असं शाळेत शिकवतात आणि शाळा सुटल्याबरोबर आपण ते विसरतो. पण ते आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. धरमपेठेत आमच्या साडूंच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी ओलं फडकं फिरलं की ते सुरू होतं आणि दिवेलागणीपर्यंत चालतं. तिथे वशिला चालत नाही, रडारड चालत नाही, आणि नातं तर अजिबातच चालत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एरवी इतके मऊ, की फाटकात पसरलेल्या कुत्र्यालाही "सरका जी थोडं" म्हणतात. टेबलाशी बसले की मात्र यमाच्या दरबारातल्या कारकुनांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

टेबलावर चालतो तो एक खेळ. फँटसी रोलप्लेइंग असं त्याचं भारदस्त नाव आहे, आमच्या बायका त्याला 'राक्षस-राक्षस' म्हणतात. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं की तुमची तलवार राक्षसाच्या मानेवर बसली की स्वतःच्या अंगठ्यावर. साडूंची एकुलती एक मुलगी गौरी, तिनं इंजिनिअरिंगला असताना हा खेळ घरी आणला आणि बाबांना शिकवला. बाबांनी महिन्याभरात नियमांचं जाडजूड पुस्तक पाठ केलं, त्याला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलं, मुलीला सूत्रधाराच्या खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले ते बसलेच. गौरी रानावनात हिंडणारी धनुर्धारी झाली. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर जादूगार झाले. मी, माझ्या देहयष्टीला शोभेल असा, वज्रबाहू नावाचा व्रतस्थ योद्धा झालो. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह, आणि अडीनडीला थोडीशी जादू. या थोड्याशा जादूनंच माझा घात केला.

खेळात वज्रबाहूसारख्यांना अर्धे जादूगार म्हणतात. अर्धी लढाई, अर्धी जादू. जादू म्हटली की तोंडानं मंत्र आणि हातानं खूण आली. काही मंत्रांना राख, मोती असलं सामानही लागतं, पण रोज मोती कुठून आणणार, म्हणून सामानाऐवजी एखादी भारलेली वस्तू हातात धरली तरी भागतं. तिला फोकस म्हणतात. जादूगाराची काठी हा त्याचा फोकस, माझ्या ढालीवरचं चिन्ह हा माझा. इथवर सगळं सोपं होतं. मग एका रविवारी डॉक्टरांच्या जादूगाराला विषारी काटा लागला आणि मी म्हणालो, "वज्रबाहू डॉक्टरांच्या जखमेवर उपचाराचा मंत्र म्हणतो."

"कोणत्या हातानं?" साडूंनी विचारलं. चष्मा त्यांनी आधीच पुसून ठेवला होता, म्हणजे त्यांना हे येणार हे ठाऊक होतं.

"ढालीच्या. चिन्ह आहे ना ढालीवर."

"ते चिन्ह सामानाच्या ऐवजी असते जी. ज्या मंत्राले सामान लागते, त्याले चिन्हवाला हात चालते. जखम भरायच्या मंत्राले सामानच लागत नाही. मंग तुमचं चिन्ह कशाच्या ऐवजी?"

"म्हणजे भानगडीचा मंत्र भरल्या हातानं होतो आणि साधा होत नाही?"

"बरोबर समजले तुम्ही."

"पण काहून?"

"ज्याले काहीच लागत नाही, त्याले हात रिकामा लागते," साडू म्हणाले, आणि डॉक्टर सांबारवडी चावता चावता वारले. पुढच्या रविवारी ते आपल्या मयत जादूगाराचा सख्खा भाऊ होऊन आले, तीच काठी घेऊन.

तुम्ही म्हणाल, मग तलवार टाकायची. साडूही हेच म्हणायचे. त्यांच्या कायद्यात हातातली वस्तू टाकणं फुकट होतं, उचलायला मात्र आपली एक पाळी, म्हणजे एक टर्न जायचा. पण तलवार टाकणारा योद्धा ही कल्पना आमच्या घराण्यात बसत नाही. आमच्या आजोबांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा छत्री सोडलेली नाही. तेव्हा वज्रबाहूनं तलवार घट्ट धरून ठेवली आणि आजूबाजूला माणसं मरत राहिली. एकदा अंधाऱ्या गुहेत मी नामी युक्ती काढली. मशाल दातात धरतो म्हणालो, म्हणजे हात मोकळा. साडू उठून आत गेले, फ्रिजमधून चांगलं जाडसं गाजर घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. "ही मशाल. तोंडात धरा आणि सोळाचा पाढा म्हणून दाखवा. मंत्र म्हणजे स्पष्ट उच्चार पाहिजे." मी सोळा त्रिकपर्यंत पोचलो. माझ्या बायकोनं त्याचा व्हिडिओ काढला, तो आता काटोलपासून कन्हानपर्यंत सगळ्या नातेवाइकांकडे आहे, आणि लग्नकार्यात लोक मला जेवणाच्या पंगतीत आवर्जून गाजर वाढतात.

कायदा टेबलापुरता राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण हळूहळू साडूंना जगात सगळीकडे हातच दिसू लागले. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात चहा घेतलेला माणूस दिसला की ते त्याच्याजवळ जाऊन थांबत. हा आता लिंबू कोणत्या हातानं पिळतो, हे पाहिल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. कन्हानच्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी हात जोडले, तर यांनी आपली भरलेली ताटली शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात दिली, रीतसर नमस्कार केला, आणि वळून बघतात तो माणूस त्यांची जिलबी खात होता. पण कळस झाला तो त्यांच्याच घरच्या सत्यनारायणाला. गुरुजींच्या डाव्या हातात घंटा, उजव्या हातात आरती, आणि म्हणाले, "आता देवाला फुलं वाहू." साडूंनी पाटावरून नम्रपणे विचारलं, "गुरुजी, कोणत्या हातानं?" उभ्या हयातीत गुरुजींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी एकदा घंटेकडे पाहिलं, एकदा आरतीकडे, आणि त्यांचा मंत्रच थांबला. ताई, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, प्रसाद वाटून होईपर्यंत नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मग बोलल्या ते संध्याकाळपर्यंत.

मी एकदा वैतागून त्यांना विचारलं, की डॉक्टर एक काठी घेऊन काय वाटेल ते करतात, आगीचे लोळ काय, हवेत उडणं काय, त्यांना तुम्ही कधी हात विचारत नाही. साडू तेव्हा काटोलच्या बागेतून आणलेली संत्री निवडत बसले होते. आठवडाभर ते इथे कॉलेजात अकाउंट्स शिकवतात आणि शनिवारी सकाळच्या बसनं काटोलला वडिलांच्या बागेत जातात. कॉलेजातले लोक त्यांना 'शेतकरी' म्हणतात. काटोलचे लोक म्हणतात 'प्रोफेसर आले, झाडं भिऊन राहिली'. एक संत्रं नाकाशी नेऊन ते म्हणाले, "पूर्ण जादूगाराले सगळं माफ असते जी. नियम लागते तो अर्ध्यालेच." एवढं बोलून त्यांनी ते संत्रं माझ्या पिशवीत टाकलं. निघालं आंबट.

गेल्या वर्षी गौरीला जर्मनीत नोकरी लागली. घरात पेढे वाटले, ताई रडून घेऊन मोकळ्या झाल्या, मी दोन जर्मन शब्द शिकून चुकीच्या ठिकाणी वापरले. साडू मात्र ना 'छान' म्हणाले ना 'नको' म्हणाले. त्यांनी विमानात सामान किती नेता येतं याचे नियम काढले आणि त्यातच बुडून गेले. वजनकाटा घेऊन ते घरभर फिरत. गौरीनं मैत्रिणीशी फोनवर बोलताना नुसतं 'स्वेटर' म्हटलं, तरी शेजारच्या खोलीतून "सहाशे ग्रॅम" असा आवाज यायचा. जायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी गौरीनं मला गॅलरीत गाठलं. "काका, सगळं झालं. व्हिसा झाला, तिकीट झालं. बाबा एकदा 'जा' म्हणाले नाहीत अजून. मले तेवढंच पाहिजे. नाहीतर मी तिथे जाऊन काय करू, बॅगा तोलत बसू?" मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी. बोललो. त्यांनी मला लोणच्याच्या बरणीबद्दल विमान कंपनीचं धोरण समजावून सांगितलं.

रविवारी दुपारी टेबल पुसलं गेलं आणि गौरी सरळ जाऊन सूत्रधाराच्या खुर्चीत बसली. "बाबा, आज मी सांगते. तुम्ही खेळा." इतक्या वर्षांत साडू सूत्रधार सोडून काही झाले नव्हते. ते जरा लाजले, पण खिशातून कागद निघाला. योद्धा तयारच होता. अर्थातच अर्धा जादूगार, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, ढालीवर चिन्ह म्हणून संत्रं. किती वर्षं तो कागद खिशात होता कोण जाणे, घड्या फाटायला आल्या होत्या.

वज्रबाहू अर्ध्या तासातच गेला, दोन्ही हात भरलेले असताना, परंपरेला धरून. गोष्ट एका दोरांच्या पुलावर येऊन ठेपली. साडूंच्या योद्ध्यासमोर राक्षस, आणि पायाशी गौरीची धनुर्धारी छातीत भाला लागून पडलेली. स्वतः सूत्रधार झाली तरी तिला गौरीनं गोष्टीतच ठेवलं होतं.

"तिच्यापाशी एकच टर्न आहे बाबा," गौरी म्हणाली. "काय करता?"

"उपचाराचा मंत्र."

"कोणत्या हातानं?"

मी टाळी वाजवणार होतो, पण साडूंचा चेहरा पाहून हात मांडीखाली घातले. तिथून जे सुरू झालं तसला युक्तिवाद हायकोर्टात फी भरूनही ऐकायला मिळायचा नाही. ढाल पाठीवर टाकतो म्हणाले. गौरी म्हणाली, ढाल उतरवण्यात अख्खा टर्न जातो, तुम्हीच सांगितलं होतं. तलवार डॉक्टरांना देतो म्हणाले, तर डॉक्टर गोष्टीत पुलाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि टेबलावर सांबारवडीच्या ताटलीत. तलवार दातात धरतो म्हणाले.

"मग सोळाचा पाढा म्हणा," मी म्हणालो. आयुष्यात काही क्षण असे येतात.

त्यांनी खाकी कव्हरकडे हात नेला. गौरीनं पुस्तकावर तळवा ठेवला. "त्यात काय पाहता? तुम्हाले पाठ आहे. सगळ्या पळवाटा तुम्हीच बंद केल्या."

"तलवार टाकली तर राक्षसापुढे काय धरू मी?"

"ते मंग पाहू. टाकणं फुकट आहे बाबा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला आणि ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. साडूंच्या उजव्या मुठीत दुपारपासून त्यांचा निळा फासा होता. त्यांनी मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "टाकली," आणि मूठ खरोखरच उघडली. फासा टेबलावरून घरंगळत खाली गेला. त्यावर किती पडले ते बघायला कुणी वाकलं नाही.

"तुम्ही हात ठेवला. ती उठून बसली," गौरी सांगत होती, पण आवाज आता सूत्रधाराचा राहिला नव्हता. "पुलापलीकडे वाट आहे. ती तुम्हाले विचारून राहिली, जाऊ का म्हणून."

"विचारते कशाले? जा म्हणा तिले."

"मी नाही. तुम्ही म्हणा."

साडूंनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच टेबलावर ठेवला. "जा," ते म्हणाले. "नीट जा. इथलं मी पाहतो."

राक्षसाचं काय झालं हे तुम्ही विचारालच. डॉक्टरांनी तोंडातला घास न गिळता काठी हलवली आणि तो जळून खाक झाला. पूर्ण जादूगाराचं हे असंच असतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर गौरी पाया पडायला वाकली तेव्हा साडूंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांनी त्या ठेवल्या नाहीत, सरळ सोडल्या. एकीत ती लोणच्याची बरणी होती, जिच्यासाठी त्यांनी विमान कंपनीला दोनदा फोन केला होता. कैरीच्या फोडी अगदी काचेच्या दारापर्यंत गेल्या, सगळ्या प्रवाशांना खार लागला, आणि साडू मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. सफाईवाली बाई येऊन त्यांना "सरका जी थोडं" म्हणाली.

खेळ अजून चालतो. गौरी तिकडून फोनच्या पडद्यावर येते, साडू पुन्हा सूत्रधार आहेत आणि वज्रबाहू पुन्हा नियमानं मरतो. त्यांच्या स्वतःच्या योद्ध्याची तलवार त्या पुलावर पडली ती तिथेच आहे. उचलायला एकच टर्न लागेल, असं मी दोनदा सुचवलं. ते म्हणतात, पाहू.

परवा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. त्यांनी भाजीची पिशवी, संत्र्यांची पिशवी, छत्री आणि ताईंनी सांगितलेली केरसुणी, असं सगळं डाव्या हातात कोंबलं होतं. खांदा एका बाजूला पार झुकला होता, बोटं लाल झाली होती. उजवा हात मोकळा होता. मी म्हटलं, "अहो, दोन्ही हातांत वाटून घ्या ना. काहून त्रास करून घेता?"

"असू द्या जी," ते म्हणाले. "एक हात रिकामा असू द्या."